कच्च्या सोयाबीनचं पाणी

"आज किती खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन घास," सासू म्हणाली.

"आणि काल?"

"काल तीन खाल्ले होते जी."

डॉक्टर वानखडे यांनी सुमनच्या पोटावरची पट्टी उचलली. मी खाटेपाशी काचेची नळी घेऊन नमुना घ्यायला उभा होतो. पोटाच्या मधोमध करंगळीचं टोक जाईल एवढं भोक होतं आणि त्यातून पिवळसर पाणी सावकाश झिरपत होतं. ते पाणी जिथे जिथे ओघळलं होतं तिथली कातडी गेली होती. खाली लाल, ओलं, चकचकीत मांस दिसत होतं. सुमनने दातांवर दात दाबून धरले होते. पट्टी उचलताना लागणाऱ्या वाऱ्यानेही तिला आग होत होती.

"गजभिये, जखमेत पू नाही, ताप नाही, तरी कातडी रोज पुढे पुढे विरघळते आहे," डॉक्टर मला म्हणाले. "या पाण्यात नेमकं काय आहे ते मला सांगा."

ही गोष्ट एकोणीसशे ऐंशीच्या दशकातली. पांढुर्ण्यातल्या एका लहान खासगी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो. रक्त, लघवी, थुंकी तपासायची आणि आकडा लिहून द्यायचा, हे माझं काम. एक्स-रेच्या फिल्मही मीच धूत असे, कारण त्या कामाला वेगळा माणूस नव्हता. दवाखान्यात सर्जन एकच, ते म्हणजे वानखडे साहेब. वॉर्ड सिस्टर ढोके यांच्या ताब्यात होता. ताब्यात हा शब्द मी जपून वापरतो आहे. त्यांच्या वॉर्डात माशीसुद्धा परवानगी घेऊन येते, असं आम्ही म्हणायचो.

सुमन सौंसरजवळच्या बोरगावची. वय बावीस-तेवीस. तिला मुदतीचा ताप आला, म्हणजे टायफॉईड, आणि त्यात आतड्याला छिद्र पडलं. डॉक्टरांनी पोट उघडून ते छिद्र शिवलं. जीव वाचला. पण तापाने आतडं इतकं नरम झालं होतं की एका जागचा टाका धरला नाही. आतड्यातला रस वाट काढत पोटाच्या कातडीतून बाहेर येऊ लागला. अशा वाटेला फिस्टुला म्हणतात. दोष कुणाचाच नाही. कुजक्या कापडाला कितीही नीट शिवलं तरी कापडच फाटतं.

खरी अडचण पुढची होती. असा फिस्टुला पुष्कळदा आपोआप बुजतो, पण त्यासाठी रुग्णाने पोटभर खायला हवं, अंगात ताकद यायला हवी. सुमनने दोन घास खाल्ले की थोड्या वेळाने रस जास्त वाहायचा. रस वाहिला की कातडी जळायची. म्हणून ती खात नव्हती. खात नव्हती म्हणून भोक बुजत नव्हतं. भोक बुजत नव्हतं म्हणून रस थांबत नव्हता. हे चक्र असंच चालू राहिलं तर शेवट काय, हे वॉर्डात सगळ्यांना कळत होतं.

डॉक्टरांनी नागपूरच्या आपल्या वरिष्ठांना फोन लावून विचारलं होतं. उत्तर आलं, "पुन्हा पोट उघडायचं तर आधी वजन वाढवा. कातडी भरू द्या. या अवस्थेत टेबलावरच जाईल." म्हणजे चेंडू पुन्हा आमच्याकडेच. भोकावर प्लास्टिकची पिशवी चिकटवून रस तिच्यात गोळा करायचा प्रयत्न झाला होता. पण चिकटपट्टी ओल्या मांसाला चिकटत नाही. झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम लावलं, ते रसाबरोबर वाहून गेलं.

मी नमुना घेऊन लॅबमध्ये आलो.

आतड्यातल्या रसात काय असतं ते मला पुस्तकातून माहीत होतं. अन्नातली प्रथिनं कापणाऱ्या कात्र्या असतात. शास्त्रात त्यांना प्रोटीएज म्हणतात, आणि त्यांच्यातली सर्वांत ओळखीची ट्रिप्सिन. डाळ खाल्ली की या कात्र्या डाळीतल्या प्रथिनांचे तुकडे करतात. आतड्याच्या आत त्यांच्यापासून बचावाची सोय असते. बाहेरच्या कातडीला ती नसते. कातडीही प्रथिनांचीच. कात्रीला डाळ आणि कातडी यांतला फरक कळत नाही.

पण "पुस्तकात आहे" असं डॉक्टरांना सांगून चालणार नव्हतं. मला ते दाखवायचं होतं.

एक्स-रे फिल्मवर काळा थर असतो तो जिलेटिनचा. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. म्हणजे फिल्म ही एका अर्थाने प्लास्टिकवर ताणून बसवलेली कातडीच. बाद झालेल्या फिल्मचे तुकडे माझ्याकडे ढीगभर होते. एका तुकड्यावर सुमनच्या रसाचा एक थेंब ठेवला, शेजारी साध्या पाण्याचा एक. तुकडा अंगाइतक्या उबेच्या पेटीत ठेवला, त्या पेटीला आम्ही इन्क्युबेटर म्हणतो. अर्ध्या तासाने नळाखाली धुतला. पाण्याच्या थेंबाची जागा काळीच राहिली. रसाच्या थेंबाखालचा थर धुऊन गेला आणि तिथे गोल, आरपार दिसणारी खिडकी पडली.

तुकडा उजेडाकडे धरून मी डॉक्टरांना दाखवला. त्यांनी त्या खिडकीतून माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे आपण हिची जखम बरी करत नाही आहोत," ते म्हणाले. "आपण या रसाला हिची कातडी जेवू घालतो आहोत."

"कात्री थांबवायला काहीतरी पाहिजे, साहेब."

"अंड्याचा पांढरा बलक," ते लगेच म्हणाले. "माझे जुने सर लावायचे. का लावायचे ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही."

का ते मला माहीत होतं. निसर्गात कात्री असते तिथे कात्री अडवणारंही असतं. कात्रीच्या दोन पात्यांत लाकडाचा तुकडा घट्ट बसला तर ती मिटत नाही. असे अडकण बनणारे पदार्थ म्हणजे प्रोटीएज इन्हिबिटर. आपल्या रक्तातही ते असतात. साधी जखम झाली की शरीर आधी कात्र्या पाठवतं, मेलेलं मांस साफ करायला. सफाई झाली की अडकणं येतात आणि कात्र्या थांबवतात, मग नवी कातडी धरते. सुमनच्या बाबतीत कात्र्यांचा पूर आला होता, अडकणं थोडी होती. अंड्याच्या पांढऱ्या बलकात ती भरपूर असतात.

मी फिल्मवर बलक आणि रस मिसळून थेंब ठेवला. खिडकी पडली नाही. आम्ही दोघे खूश होऊन वॉर्डात गेलो.

सुमनची सासू गिरजाबाई खाटेशेजारी बसून होती. या घराने महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला. मांस, मासा, अंडं घराच्या उंबऱ्याला शिवत नाही. डॉक्टरांनी जपून विषय काढला. आम्हाला वाटलं होतं सासू भडकेल.

गिरजाबाईने सुमनच्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाली, "लावा जी. तिच्या जिवापुढं काय हाय? पाप लागन तं मले लागन. मी घेतो माया डोक्यावर."

"मी नाई लावू देत," खाटेवरून आवाज आला.

सुमनचा एवढा खणखणीत आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता.

"अगं, खायचं नाहीये," डॉक्टर म्हणाले. "नुसतं वरून लावायचं आहे. कातडीला."

"कातडीले?" सुमन म्हणाली. "साहेब, पोटाले भोक हाय. वरून लावलेलं आत नाई जाईन कशावरून? मंग थे खाल्लंच झालं ना!"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मुद्दा तिचा बरोबर होता.

"मरशीन ना पोरी!" गिरजाबाई कळवळली.

"मराले तयार हाय मी. बाटाले नाई."

सिस्टर ढोके कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "बापा! खाली आग लागून राहिली आन बाईचे नखरे पाहा," असं त्या पुटपुटल्या खऱ्या. पण दुसऱ्या खाटेवरच्या बाईने हसायला सुरुवात केली तेव्हा तिला त्यांनी असं दटावलं की पुढे कुणी हसलं नाही.

डॉक्टर बाहेर आले. "जबरदस्तीने लावता येणार नाही," ते म्हणाले. "तिने होकार दिल्याशिवाय मी बोटही लावणार नाही. अंडं सोडून दुसरं शोधा, गजभिये. आणि लवकर शोधा."

मी माझ्या घरातून आणि दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून जे मिळेल ते गोळा केलं. हळदीचं पाणी, दही, मध, कोरफड, कच्च्या बटाट्याचा रस, भिजवलेल्या हरभऱ्याचं पाणी. प्रत्येकाचा थेंब सुमनच्या रसात मिसळून फिल्मवर ठेवला. हळदीखाली खिडकी पडली. दह्याखाली पडली. मधाखालीही पडली. बटाट्याखाली आणि हरभऱ्याखाली धुरकट, अर्धवट डाग पडला, म्हणजे कात्री थोडी अडली, पूर्ण नाही. बायको म्हणाली, "घरातलं सगळं नेलं, आता चूल तेवढी नेऊ नका."

पुढचा नमुना घ्यायला मी वॉर्डात गेलो तेव्हा गिरजाबाई शेजारच्या खाटेवरच्या बाईला घरचं गाऱ्हाणं सांगत होती. त्या वर्षी आमच्या भागात बऱ्याच जणांनी पहिल्यांदा सोयाबीन पेरलं होतं. तिच्या मुलानेही पेरलं.

"कोनाले खाता येत नाई, नुसतं विकाले," ती सांगत होती. "गोऱ्ह्याले एक टोपलं कच्चं घातलं, वाटलं अंग धरन. हगून हगून अर्धा झाला बिचारा. दाने जसेच्या तसे शेनात! पचूनच नाई राहिलं त्याले."

मी नमुन्याची नळी हातात धरून तिथेच उभा राहिलो.

कच्चं सोयाबीन पचत नाही, कारण त्याच्या दाण्यात ट्रिप्सिनचं अडकण असतं. हे मी शिकताना वाचलं होतं. मोठ्या प्रयोगशाळांत शुद्ध केलेलं ते पांढऱ्या पावडरच्या बाटलीत मिळतं, हेही वाचलं होतं. आमच्या लॅबमध्ये ती बाटली येण्याची शक्यता नव्हती. पण बोरगावच्या शेतात ते पोत्यांनी पडलं होतं, आणि मी मधाच्या बाटल्या शोधत फिरत होतो.

"गिरजाबाई, ते सोयाबीन थोडं आणता येईल?"

"थोडं काहून, पोतं नेऊन टाका! काय करता पन त्याचं?"

तिच्या मुलाने दुसऱ्या दिवशी सौंसरहून येणाऱ्या बसने पिशवी भरून आणली. मी मूठभर दाणे भिजवले, वाटले, फडक्यातून पिळले. दुधासारखं पाणी निघालं. ते सुमनच्या रसात मिसळून फिल्मवर ठेवलं. अर्ध्या तासाने धुतलं. काळंच. पाण्याने निम्मं पातळ करून ठेवलं. काळंच. आणखी निम्मं, त्याच्याही निम्मं केलं. खूप पातळ केल्यावर कुठे धुरकट डाग दिसू लागला. अंड्याइतकंच दमदार निघालं.

डॉक्टरांनी सगळे तुकडे ओळीने पाहिले. मग म्हणाले, "फिल्मला मुंग्या येत नाहीत, खाज येत नाही, रिअ‍ॅक्शन येत नाही. माणसाला येते."

"म्हणून सगळीकडे एकदम लावू नये, साहेब. आधी थोडं हाताला लावून बघू. मग भोकाच्या डावीकडे सोयाबीन, उजवीकडे नेहमीचं मलम. जखम एकच, रस एकच. फरक पडला तर तो कशाने पडला ते कळेल."

"आणि फरक मोजणार कसा? डोळ्यांनी?"

डोळ्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. काळा थर धुऊन टाकलेली स्वच्छ फिल्म जखमेवर धरायची. काचेवर लिहायच्या पेन्सिलीने कच्च्या भागाची कडा गिरवायची. ती फिल्म आलेखाच्या कागदावर ठेवून आतले चौकोन मोजायचे. तसं पहिलं माप घेतलं. डावीकडे अठ्ठेचाळीस चौकोन भरले, उजवीकडे पंचेचाळीस.

सुमनला सगळं समजावून सांगितलं. तिने दोनच प्रश्न विचारले. "यात जनावराचं काही नाई ना?" मी नाही म्हटलं. "आन आत गेलं तं?"

"गेलं तर सोयाबीन खाल्लं असं होईल."

"मंग चालते," ती म्हणाली.

पहिल्यांदा पाणी मी स्वतः तयार केलं; आधी तिच्या हाताला लावून पाहिलं, पुरळ उठलं नाही. सिस्टरनी जाळीच्या कापडाच्या घड्या त्यात भिजवून डाव्या बाजूला ठेवल्या आणि सुकायच्या आत बदलत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माप घ्यायला गेलो, तर सुमन माझ्याशी भांडायच्या तयारीत होती.

"भाऊ, डावीकडची आग बंद झाली. उजवीकडं काहून नाई लावून राहिले तुमी? मायाशी काही दुश्मनी हाय का?"

"थोडं थांबावं लागेल. मोजायचं आहे."

"तुमचं मोजनं होईन, मी तिकडून भाजून निघन!"

पुढच्या मापात डावीकडे एकोणतीस चौकोन भरले. उजवीकडे सेहेचाळीस. मी आकडे डॉक्टरांपुढे ठेवले. डॉक्टर गंभीर माणूस. त्यांनी टेबलावर जोरात थाप मारली आणि मग इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

"दोन्ही बाजूंना लावा," ते म्हणाले. "मात्र आता हा प्रयोग नाही, उपचार आहे. लॅबमधून वाटीत काही यायचं नाही. वॉर्डात तयार होईल, आणि निर्जंतुक केल्याशिवाय रुग्णाला लागणार नाही."

बरोबरच होतं ते. मी दाणे, फडकं आणि कृती सिस्टर ढोके यांच्या हवाली केली.

आणि गाडी उलटी फिरली.

दोन्ही बाजूंना सोयाबीनचं पाणी लागत होतं, तरी डावीकडची भरत आलेली कातडी पुन्हा लाल झाली, मग ओली झाली. मधल्या काळात अर्ध्या भाकरीपर्यंत आलेल्या सुमनने ताट परत बाजूला सारलं. माप घेतलं, डावीकडे अडतीस. डॉक्टर फिल्मकडे बघत बसले.

"सुरुवातीचा गुण योगायोगाचा असेल," ते म्हणाले. "किंवा आता सोयाबीनच हिच्या कातडीला सोसत नसेल. बंद करू."

"साहेब, एकदा तपासू द्या."

"काय तपासता? फिल्मवर चालतं ते तुम्ही दाखवलंच आहे."

"मी माझ्या हातचं पाणी दाखवलं. वॉर्डातलं नाही."

वॉर्डातल्या स्वच्छ बाटलीतून मी थोडं पाणी आणलं, रसात मिसळलं, फिल्मवर ठेवलं. धुतल्यावर गोल, स्वच्छ खिडकी पडली होती. त्या पाण्यात अडकण उरलंच नव्हतं. दाणे त्याच पिशवीतले. फडकंही तसंच.

मी सिस्टरकडे गेलो. "सिस्टर, हे पाणी कसं करता ते मला जरा सांगा."

त्यांना प्रश्न आवडला नाही. "कसं म्हणजे? तुम्ही सांगितलं तसंच. दाणे धुवून भिजवते, वाटते, पिळते, मग चांगलं खळखळ उकळते. थंड करते, बाटलीत भरते. माझ्या वॉर्डात न उकळलेलं पाणी तोंड धुवायलाही देत नाही मी, हे तर उघड्या मांसावर लावायचं आहे!"

त्यांची काहीच चूक नव्हती. डॉक्टरांनी निर्जंतुक करा सांगितलं, आणि त्यांनी ते मनापासून केलं. पण अडकण हेही प्रथिनच. अंड्याचा पांढरा बलक उकळला की घट्ट होतो, पुन्हा पातळ होत नाही. तसंच हेही उकळीत आपला आकार सोडतं आणि मग कात्रीच्या पात्यांत बसत नाही. म्हणून तर शिजवलेलं सोयाबीन पचतं.

मी त्यांना फिल्मचे दोन तुकडे दाखवले, कच्च्याचा काळा आणि उकळलेल्याचा आरपार. त्यांनी दोन्ही उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले.

"म्हणजे मी जंतूही मारले आन औषधही मारलं," त्या म्हणाल्या.

"तसंच झालं."

"आन न उकळता लावलं तं जंतू जिवंत राहीन. मी तसं लावणार नाही, गजभिये. आत्ताच सांगून ठेवते."

"लावू नकाच. न उकळता स्वच्छ कसं करता येईल, ते तुम्हीच सांगा. ते मला येत नाही."

हा प्रश्न मात्र त्यांना आवडला.

त्या स्टुलावर बसल्या आणि बोटांवर मोजत बोलू लागल्या. "जंतू येणार कुठून? दाण्याच्या सालावरून, पाण्यातून, भांड्यातून, फडक्यातून आन हातातून. दाण्याच्या आत तं नाही ना जंतू?"

"अखंड दाण्याच्या आत नसावेत."

"मंग दाणा सोडून बाकी सगळं उकळू की! फुटके दाणे फेकून देऊ. चांगले दाणे स्पिरिटमध्ये बुडवून काढू, मग साल काढून टाकू. पाणी आधी उकळून गार करू, त्यात भिजवू. खलबत्ता, बाटली, गाळायचं कापड ऑटोक्लेव्हमधून काढू." ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेच्या दाबावर चालणारा मोठा कुकर, ऑपरेशनची हत्यारं त्यात निर्जंतुक होतात. "हातात ऑपरेशनचे हातमोजे. तयार झालं की बर्फावर. आन सकाळचं संध्याकाळी चालणार नाही, शिळं फेकायचं."

"आणि प्रत्येक खेपेचा थेंब मी जंतू वाढवायच्या बशीत टाकून बघतो. एक थेंब फिल्मवर."

"पाहा, पाहा," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या बशीत एक ठिपका उगवला तं नाव बदलीन."

नाव बदलावं लागलं नाही. पहिल्या खेपेची बशी स्वच्छ राहिली आणि फिल्म काळी. डॉक्टरांनी दोन्ही वस्तू पाहून परवानगी दिली. एवढंच बजावलं, "भोकात नाही टाकायचं. फक्त भोवतालच्या कातडीवर."

आता नुसतं मापच नाही, नुसत्या डोळ्यांनीही दिसू लागलं. आधी ओल गेली. मग कडेने गुलाबी, पातळ कातडी आत सरकू लागली, तळ्यातलं पाणी आटताना काठ पुढे येतो तशी. सुमनने अर्धी भाकर मागितली. मग एक. मग सासूला म्हणाली, "मामी, वांग्याची भाजी घरून आनाले सांगा. हे दवाखान्याचं आळनी मी किती दिवस खाऊ?" गिरजाबाई पदर तोंडाला लावून वॉर्डाबाहेर गेली. सिस्टरनी ओरडून विचारलं, "रडून काहून राहिल्या? भूक लागली तिला, लाडू वाटा!"

कातडी कोरडी झाली त्या दिवशी डॉक्टरांनी प्लास्टिकची पिशवी पुन्हा चिकटवून पाहिली. चिकटली. आम्ही तिघे खाटेभोवती उभे राहून त्या पिशवीकडे असे बघत होतो की पाहणाऱ्याला वाटलं असतं बाळ जन्माला आलं आहे. त्यानंतर रस कातडीला लागलाच नाही, आणि सोयाबीनचं कामही संपलं.

सुमन खात राहिली. वजनकाट्यावर मी तिला स्वतः उभं करायचो आणि काटा पुढे सरकत राहिला. पिशवीत जमणारा रस कमी होत गेला, मग नुसता ओलावा, मग तोही नाही. भोक आतून बुजलं. दुसरं ऑपरेशन करावंच लागलं नाही. नागपूरच्या वरिष्ठांना डॉक्टरांनी फोन केला तेव्हा मी शेजारीच होतो. पलीकडून काहीतरी लांब प्रश्न आला. डॉक्टर म्हणाले, "नाही सर, ऑपरेशन नाही केलं. जेवू घातलं."

घरी जायच्या दिवशी सुमन सिस्टरच्या पाया पडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, आता शेवटचं मोजून घ्या."

फिल्म ठेवायला जागाच नव्हती. कच्चा भाग शून्य. तोही आकडा मी लिहिला. सौंसरच्या बसमध्ये ती स्वतःच्या पायांनी चढली, सासूच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेऊन.

हे घरी करून पाहू नका, हे मला सांगितलंच पाहिजे. सोयाबीन कुणाकुणाच्या अंगाला सोसत नाही, जखमेत जंतू शिरले तर जीव जातो, आणि आता अशा रुग्णांसाठी चांगल्या पिशव्या व लेप मिळतात. एका रुग्णावरून नियमही होत नाही. भोक सोयाबीनने बुजलं नाही, ते तिच्या शरीराने बुजवलं. सोयाबीनने तिला जेवता येईल एवढी उसंत दिली. पुढे माझ्या वाचनात आलं की वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमांतही कात्र्या जास्त आणि अडकणं कमी असा हिशेब निघतो, आणि ती अडकणं औषध म्हणून द्यायचा प्रयत्न चालू आहे. वाचून बरं वाटलं.

त्या प्रकरणानंतर आमच्या दवाखान्यात एक पद्धत पडली. वॉर्डात तयार होणाऱ्या कुठल्याही गोष्टीची तपासणी दोनदा व्हायची. एकदा ती स्वच्छ आहे का, आणि एकदा ती अजून काम करते का. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत पहिला नंबर आला म्हणून दुसरीत पास झालो असं धरून चालू नये.